‘गिमिक!’ कसा खेळावा आणि त्याची खरी कॅसेट कशी पारखून घ्यावी

जुन्या प्लॅटफॉर्म गेमचा, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेमचा, विषय निघाला की मारिओ, मेगा मॅन, कर्बी यांच्यापलीकडे गप्पा सहसा जात नाहीत. सनसॉफ्ट कंपनीचा ‘गिमिक!’ त्या गप्पांत क्वचितच येतो, आणि त्यात खेळाचा काही दोष नाही. तो जानेवारी १९९२ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या आठ बिटी खेळयंत्रावर आला, तेव्हा त्याचा सोळा बिटी वारसदार सुपर फॅमिकॉम बाजारात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. सगळ्यांचं लक्ष सोळा बिटांकडे लागलेलं असताना आठ बिटांच्या यंत्रावर हिरव्या गोलमटोल प्राण्याचा एक खेळ आला. वरवर बघता लहान मुलांचा वाटावा असा, आणि खेळायला घेतला तर मोठ्यांना घाम फोडणारा. अमेरिकेत तो त्या काळी निघालाच नाही. जपानबाहेर तो फक्त स्कँडिनेव्हियात ‘मिस्टर गिमिक’ या नावानं विकला गेला.

आज संग्राहक याच कॅसेटमागे हात धुऊन लागलेत. मात्र त्यांतली जी सर्वात दुर्मीळ, ती खेळायला सर्वात चांगली नाही. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी खेळा, मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.

पायरी १: सुरुवात नव्या आवृत्तीवर करा

२०२३ मध्ये ‘गिमिक! स्पेशल एडिशन’ निघाली. ती निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स आणि पीसीवर मिळते. आत खेळ जुनाच आहे, पण हवं तिथे सेव्ह करता येतं आणि चुकलं तर खेळ मागे नेता येतो. मूळ खेळात सेव्ह नाही, पासवर्डही नाही. संपवायचा तर एका बैठकीतच.

मागे नेण्याची सोय पहिल्या दिवशी वापरा, पण तिची सवय लावून घेऊ नका. या खेळात उडी कुठे पडेल याचा अंदाज बांधायला शिकणं हाच मोठा आनंद आहे. प्रत्येक चूक पुसून टाकली तर तो अंदाज येणारच नाही. अडलेल्या जागी एक सेव्ह करून ठेवा आणि तिथून पुन्हा पुन्हा खेळा. सराव होतो, आणि खेळही सुटत नाही.

पायरी २: चांदणीशी ओळख करून घ्या

गोष्ट थोडक्यात अशी. एका मुलीच्या वाढदिवसाला भेट म्हणून आणलेल्या बाहुल्यांत युमेतारो नावाचा एक जिवंत प्राणी चुकून मिसळतो. ती त्याच्यावरच जीव लावते. बाकीची खेळणी जळफळतात आणि तिला दुसऱ्याच जगात पळवून नेतात. युमेतारो तिला शोधायला निघतो. कथा एवढीच, आणि खेळायला लागल्यावर ती आठवतही नाही. लक्षात राहते ती चांदणी.

बी बटण दाबून धरलं की युमेतारोच्या डोक्यावर चांदणी आकार घेऊ लागते. ती पूर्ण तयार झाल्यावर बटण सोडलं की ती फेकली जाते. अर्धवट असताना सोडलं तर वाया जाते. नवखे लोक इथेच अडखळतात. समोर शत्रू दिसला की घाईघाईनं बटण दाबतात आणि सोडतात. तुम्ही उलट करा. शत्रू दिसण्याआधीच, चालता चालता बटण दाबून धरा. चांदणी डोक्यावर तयार ठेवूनच पुढे सरकायची सवय झाली की निम्मा खेळ सोपा होतो.

फेकलेली चांदणी सरळ रेषेत जात नाही. ती जमिनीवर आपटते, उसळते, भिंतीला लागून परत येते, उतारावरून घरंगळते आणि थोड्या वेळानं विरते. ती बाहेर असेपर्यंत दुसरी फेकता येत नाही. त्यामुळे प्रत्येक फेक विचार करून करावी लागते. कॅरमची सोंगटी थेट न मारता कडेवरून घ्यावी, तसा कोनाचा हिशेब इथे सतत डोक्यात ठेवावा लागतो.

आणि या चांदणीवर बसता येतं! उसळत्या चांदणीवर अचूक उडी मारली तर ती युमेतारोला घेऊन जाते. तिच्यावरून पुन्हा उडी मारली की एरवी हाताला न लागणाऱ्या उंच कडेवर पोचता येतं. एकच वस्तू शस्त्र, वाहन आणि पायरी अशी तिन्ही कामं करते. १९९२ च्या आठ बिटी खेळात वस्तूंच्या हालचालीचा इतका नेटका हिशेब फार थोड्या ठिकाणी सापडतो. दिग्दर्शक तोमोमी साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅमिकॉमला अगदी पिळून काढलं होतं.

सरावासाठी एक पद्धत सांगतो. पहिल्याच टप्प्यात शत्रू नसलेली, एका बाजूला भिंत असलेली मोकळी जागा शोधा. चांदणी भिंतीवर फेका आणि ती परत येताना तिच्यावर चढायचा प्रयत्न करा. आधी उभे राहून, मग धावत येऊन, मग उडीतून फेकून. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढची सगळी गुप्त ठिकाणं याच एका कौशल्यावर उघडतात. हात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाटेत औषधाच्या बाटल्यांसारख्या वस्तू मिळतात. काही जीव भरून देतात, काहींतून बॉम्ब किंवा आगीचे गोळे फेकता येतात. त्या मिळाल्या मिळाल्या उधळू नका, टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसाठी राखून ठेवा.

पायरी ३: खजिने आणि खरा शेवट

वरवर पाहता खेळ सहा टप्प्यांचा आहे. ते पार केले की शेवट दिसतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण प्रत्येक टप्प्यात एकेक खजिना दडवलेला आहे. ते सगळे मिळवले, आणि वाटेत एकदाही कंटिन्यू (सगळे जीव संपल्यावर खेळ पुढे चालू ठेवायची सोय) वापरलं नाही, तरच शेवटचा गुप्त टप्पा उघडतो. खरा शेवटही तिथेच आहे.

हा नियम निर्दयी आहे. मला मात्र तो योग्यच वाटतो, कारण त्यामुळे खेळाला दोन थर येतात. पहिला थर कुणीही चिकाटीनं पार करू शकतो. दुसऱ्यासाठी प्रत्येक टप्पा पाठ असावा लागतो. म्हणून दोन्ही एकदम करायला जाऊ नका. आधी खजिन्यांकडे दुर्लक्ष करून, हवे तितके कंटिन्यू वापरून खेळ शेवटपर्यंत बघून घ्या. मग एकेका टप्प्याचा खजिना वेगळा शोधा. सगळ्या जागा आणि तिथे पोचायच्या उड्या हातात बसल्यावरच एकसलग खेळायला बसा. रस्ता माहीत असलेल्या माणसाला सगळा खेळ तासाभरात आटोपता येतो, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचं दुःख फार मोठं नसतं.

खजिन्यांच्या जागा मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो: जिथे वाटेत उगाचच मोकळी भिंत किंवा आवाक्याबाहेरची कडा दिसते, तिथे थांबा आणि चांदणी कुठून फेकली तर तिथे पोचता येईल याचा विचार करा.

पायरी ४: कोणती कॅसेट घ्यायची?

खेळ आवडला आणि मूळ कॅसेट हवीच असं वाटलं, तर जपानी घ्या. कारण आवाज.

फॅमिकॉमच्या स्वतःच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनल आहेत. ‘गिमिक!’च्या जपानी कॅसेटमध्ये सनसॉफ्टची ५बी नावाची चिप आहे आणि ती आणखी तीन चॅनल पुरवते. या चिपचा आवाजाचा भाग वापरणारा फॅमिकॉमवरचा हा एकमेव खेळ. संगीतकार मासाशी कागेयामा यांनी या आठ चॅनलांवर जे बांधलं आहे, त्यासाठी नुसता खेळ लावून बसावंसं वाटतं.

कॅसेटमधला हा जादा आवाज यंत्रात मिसळण्याची वाट जपानी फॅमिकॉममध्ये आहे. बाहेरच्या देशांसाठी काढलेल्या फॅमिकॉमच्या आवृत्तीच्या, म्हणजे एनइएसच्या, कॅसेट-खाचेत ती ठेवलेली नाही. त्यामुळे स्कँडिनेव्हियातली आवृत्ती या तीन चॅनलांविना आली. शिवाय ती पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या यंत्रांसाठी आहे. फॅमिकॉमवर सेकंदाला ६० चित्रं असतात. स्कँडिनेव्हियातली कॅसेट जास्त दुर्मीळ आहे आणि तिचा भावही जास्त. कपाटात मांडण्यासाठी घ्यायची असेल तर तुमची मर्जी, पण कानांचा विचार केला तर तो सौदा उलटा पडतो.

पायरी ५: नकली ओळखा

भाव चढलेल्या प्रत्येक कॅसेटची नक्कल निघते. त्यातली सर्वात सोपी खूण अशी: या खेळाची अमेरिकी कॅसेट तेव्हा निघालीच नव्हती. ‘१९९२ ची मूळ अमेरिकी प्रत’ म्हणून कुणी विकत असेल, तर फोटो कितीही झकास असला तरी पुढे बोलू नका.

जपानी प्रतीसाठी विक्रेत्याकडून कॅसेटच्या पुढचे, मागचे आणि पिनांचे जवळून काढलेले फोटो मागवा. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, एनइएसच्या ७२. लेबलची छपाई अस्पष्ट किंवा रंग भडक असेल तर संशय घ्या. आतल्या बोर्डाचा फोटो मिळाला तर सर्वात उत्तम, कारण मूळ बोर्डावर सनसॉफ्टची चिप तिच्या नावासकट दिसते. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली चिप दिसली तर ती नक्कल समजा. मात्र स्वतः कॅसेट उघडायला जपून. फॅमिकॉमच्या कॅसेटी बहुधा स्क्रूशिवाय, प्लॅस्टिकच्या खाचांत अडकवलेल्या असतात आणि जोर लावला की खाच तुटते.

डबा आणि पुस्तिकेसकट प्रत बरीच महाग पडते. फक्त खेळायचं असेल तर सुटी कॅसेट पुरे.

पायरी ६: यंत्र आणि वीज

१९८३ चा मूळ फॅमिकॉम फक्त आरएफ, म्हणजे अँटेनाच्या वायरीतून, चित्र देतो. ते आजच्या टीव्हीवर लावणं डोकेदुखीचं आहे. १९९३ मध्ये आलेला एव्ही फॅमिकॉम सरळ एव्ही केबलनं जोडता येतो, म्हणून शक्यतो तोच बघा. टीव्ही एनटीएससी, म्हणजे जपानी पद्धतीचं, चित्र दाखवणारा हवा, नाहीतर चित्र कृष्णधवल दिसेल किंवा घरंगळत राहील.

विजेच्या बाबतीत अजिबात निष्काळजीपणा नको. जपानी अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टसाठी आहे. २२०-२४० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खुपसला तर तो जळणार. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि प्लगचा मधला भाग ऋण असतो. एनइएसचा अ‍ॅडॅप्टर डीसी नाही, एसी देतो. खाचेत बसला तरी तो फॅमिकॉमला लावू नका, यंत्र खराब होऊ शकतं.

स्वस्तातली नक्कल यंत्रं घेताना एक गोष्ट आधी विचारा: कॅसेटमधला जादा आवाज वाजतो का? पुष्कळांत वाजत नाही, आणि मग जपानी कॅसेट घेण्याचा हेतूच फसतो. तपासणी सोपी आहे. स्पेशल एडिशनवर पहिल्या टप्प्याचं संगीत ऐका, मग लगेच यंत्रावर तेच ऐका. यंत्रावर सूर पोकळ आणि काही ओळी गायब वाटल्या, तर ते तीन चॅनल पोचत नाहीत.

पायरी ७: स्वच्छता आणि जपणूक

खेळ सुरू झाला नाही तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्यानं पिना हळूहळू गंजतात. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना हलक्या हातानं पुसा, नंतर कोरडी काडी फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत यंत्रात घालू नका. काडी काळी निघेनाशी होईपर्यंत हेच करा. अल्कोहोल लेबलला लागू देऊ नका, शाई उतरते.

जुन्या कॅसेटींतली सेव्हची बॅटरी बदलण्याची कटकट इथे नाही, कारण या खेळात बॅटरीच नाही. ठेवताना ऊन आणि दमट हवा टाळा, पुठ्ठ्याचा डबा असेल तर सोबत सिलिका जेलची एक पुडी ठेवा, आणि त्यावर वजन ठेवू नका.