अपॉइंटमेंटचे काम पाहणाऱ्या व्यक्तीसाठी कामाचे वर्णन कसे लिहावे

अपॉइंटमेंटचे काम पाहायला कोणी हवे असले की पुण्यातील अनेक दवाखाने ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे, संगणकाचे ज्ञान आवश्यक, पगार अनुभवानुसार’ एवढ्यावर जाहिरात उरकतात. यातून उमेदवाराला काम कळत नाही आणि नेमणाऱ्यालाही पुढे नेमका कशाचा जाब विचारायचा हे सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर येणाऱ्या फोनची नोंद ठेवावी: नवीन रुग्ण किती, फेरतपासणीचे किती, वेळ बदलून मागणारे किती आणि नंबर लावूनही न आलेले किती. वर्णनातील कामे या नोंदीतून यावीत, इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यातून नव्हे.

पदाचे नाव ‘अपॉइंटमेंट समन्वयक’ असे ठेवल्यास कामाचा गाभा स्पष्ट होतो. बिले करणे आणि फायली लावणे हेही त्याच व्यक्तीने करावे अशी अपेक्षा असेल, तर ते आधीच लिहावे. रुजू झाल्यावर कामे वाढवत नेणे अन्यायाचे आहे.

कामांच्या भागाला सर्वांत अधिक जागा द्यावी. ‘अपॉइंटमेंट देणे’ एवढ्याने भागत नाही. नवीन रुग्णाला आणि फेरतपासणीला किती मिनिटे द्यायची, आदल्या संध्याकाळी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर आठवण कोणी करायची, रद्द झालेली वेळ प्रतीक्षा यादीतील रुग्णाला कशी द्यायची, उपाशीपोटी येण्याची किंवा जुने रिपोर्ट आणण्याची सूचना कधी द्यायची, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना कोणत्या वेळी बोलवायचे, हे सर्व पूर्ण वाक्यांत लिहावे. साताऱ्याहून किंवा सोलापूरहून येणाऱ्या रुग्णाची तपासणी आणि सोनोग्राफी एकाच फेरीत व्हावी अशी आखणी करणे, तसेच पालखीच्या आगमनाच्या किंवा गणेश विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद राहणार हे ध्यानात घेऊन वेळा आधीच बदलणे, हा पुण्यातील या कामाचा खरा भाग आहे आणि तो वर्णनात आलाच पाहिजे.

कामांइतकेच अधिकार महत्त्वाचे आहेत, आणि माझ्या मते बहुतेक वर्णने नेमकी इथेच अपुरी पडतात. डॉक्टरांना शस्त्रक्रियेमुळे तासभर उशीर झाला, तर पुढच्या वेळा समन्वयकाने स्वतः बदलायच्या की विचारून? वेळ न घेता आलेल्या रुग्णाला मध्ये घ्यायचे का? ओळखीचा दाखला देऊन नंबर पुढे मागणाऱ्याला नकार दिला, तर डॉक्टर त्या नकाराच्या पाठीशी उभे राहतील का? यांची उत्तरे लेखी असली, की समोरच्या खुर्चीवरील माणसाला रोज एकट्याने वाद अंगावर घ्यावा लागत नाही. छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी तक्रार फोनवर आली, तर वेळ शोधत न बसता तत्काळ डॉक्टरांना कळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवण्यास सांगावे, तसेच औषधांविषयी स्वतः सल्ला कधीही देऊ नये, असे स्वतंत्र वाक्यात नमूद करावे.

वेळेबाबत प्रामाणिक राहावे. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८.३० अशी दोन सत्रे असतील, तर हडपसरहून कोथरूडला येणाऱ्या व्यक्तीला दुपारी घरी जाऊन परतणे परवडत नाही. त्या काळात दवाखान्यात थांबण्याची सोय आहे की नाही हे लिहावे. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि पगाराचा किमान व कमाल आकडाही द्यावा.

पात्रतेत आवश्यक आणि असल्यास उत्तम असे दोन भाग करावेत. स्वच्छ मराठी, कामापुरते हिंदी व इंग्रजी आणि संगणकावरील कॅलेंडर हाताळता येणे आवश्यक धरावे; एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र दुसऱ्या भागात चालेल. ‘फक्त महिला’ असे लिहू नये, कारण भरतीत लिंगावरून भेदभाव करण्यास कायद्याची मनाई आहे. रुग्णाचे नाव, आजार आणि फोन नंबर गोपनीय ठेवण्याची जबाबदारीही लिहावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे तिला आता अधिकच वजन आले आहे.

शेवटी अर्ज कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा हे द्यावे, आणि मुलाखतीत एका गजबजलेल्या दिवसाचे वेळापत्रक नव्याने लावून दाखवावे लागेल हेही आधीच कळवावे.