पद्मिनीच्या पाट्यांचे बुश: नट कधी आवळायचा

सिमेंट रोडच्या दर सांध्यावर मागून ‘टक्’ असा आवाज आला की लोक शॉकॲब्सॉर्बर बदलायला धावतात. माझ्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे जुन्या फियाटचे, मीही दोनदा बदलले. आवाज जागच्या जागी. दोष होता मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांतल्या रबरी बुशांचा. ओळखणं सोपं आहे. कोणाला तरी डिकीजवळ उभं करून गाडी आडवी हलवायला सांगा आणि खाली वाकून शॅकलकडे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीकडे, पाहा. रबर एका बाजूला चेपलेलं आणि पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळवलेली कडी) बोल्टवर आपटताना दिसला, तर काम निघालं समजा.

खरेदीत एकच सांगणं. डबा जुना, छापील नाव खरं, म्हणून हुरळू नका. पत्र्याच्या छपराखाली नागपूरचे दहा-पंधरा उन्हाळे काढलेलं रबर आतून मेलेलं असतं. नख रोवून पाहा. खूण पडून भरून आली तर घ्या. नख घसरलं तर दुकानदाराला परत द्या, मग तो कितीही ‘ओरिजनल आहे भाऊ’ म्हणो. पॉलियुरेथेनचे लाल-पिवळे बुश टिकतात खरे, पण पद्मिनीची मऊ चाल जाते आणि वर करकर सुरू होते. मी लावले आणि सहा महिन्यांत काढले. ‘एक पाटा वाढवून देतो, मागून उचलून येईल’ म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार. मूळ पाटे धड असतील तर ते तसेच राहू द्या. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या.

खोलण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहा. दोन्ही बाजूंचं. हा आकडा शेवटी लागतो.

पुढच्या चाकांना गुटके, मागून बॉडी घोड्यांवर (जॅक-स्टँडवर), ॲक्सल जॅकवर. ॲक्सल ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. बोल्टांना आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा. बुशाचं बाहेरचं नळकांडं डोळ्यात अडकलं तर हॅक्सॉचं पातं आतून ओवून त्याला एक उभी चीर द्या, सुटतं. गॅसने जाळू नका. पेट्रोलची टाकी मागेच आहे, राजेहो! नवा बुश साबणाच्या पाण्याने बसवा. ग्रीस आणि डिझेल रबर खातात.

आता माझी फजिती झाली ती पायरी. पहिल्यांदा मी सगळं बसवलं, ॲक्सल लोंबकळत असतानाच नट कचकचून आवळले आणि गाडी खाली उतरवली. मागची बाजू बोटभर वर उभी. शेजारच्या मेकॅनिकला दाखवलं तर म्हणाला, “बसून जाईल.” बसली, पण पुढचा उन्हाळा संपायच्या आत. रबर फाटल्यामुळे!

कारण समजून घ्या. बुशात बाहेर नळकांडं, आत नळी आणि मध्ये दोघांना धरून असलेलं रबर. नट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की होते, ती फिरत नाही. पाटा वर-खाली होतो तेव्हा फिरतं ते फक्त रबर, पीळ खाऊन. म्हणजे ज्या स्थितीत नट आवळाल, ती रबराची विसाव्याची जागा. ॲक्सल लोंबकळताना आवळला, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलं राहतं. त्यावर खड्डा आला की आणखी पीळ.

म्हणून सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, नट नुसते टेकवा. चाकं चढवा, गाडी खाली घ्या, डिकीवर चार-पाचदा दाबून सोडा. मग खडूचा आकडा ताडून पाहा. खाली शिरायला जागा नसेल तर घोड्या बॉडीखाली लावायच्या नाहीत. त्या ॲक्सलच्या नळीखाली, दोन्ही चाकांजवळ लावायच्या. वजन पाट्यांवर आलं पाहिजे, हा सगळा खेळ त्यासाठी आहे. आकडा जुळला की पुढच्या डोळ्याचा बोल्ट आवळा, नंतर शॅकल. ‘वरच आवळून टाका, काय फरक पडते’ असं कोणी म्हणालं, तर पाना त्याच्या हातातून काढून घ्या.

यू-बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा. दर बाजूच्या चारही नटांवर रंगाची एक रेघ ओढा, नटावरून खाली प्लेटपर्यंत. मग वर्धेला जाऊन या, दीडशे किलोमीटर होतात. परत आल्यावर रेघ तुटली असो वा नसो, पुन्हा एकदा पाना लावा. माझे दरवेळी थोडे तरी फिरतात.