पर्थला येताय? मग यूकेची आठवण येणार हे धरूनच या

यूकेहून इकडे ऑस्ट्रेलियात पर्थला यायचं नक्की झालं की प्रत्येकाचा पहिला मेसेज ठरलेला असतो, ताई सोबत काय काय आणू, गोडा मसाला मिळतो का, कुकरची रिंग मिळते का, ज्वारीचं पीठ मिळतं का. मिळतं हो सगळं. कॅनिंग व्हेल या भागात एक चक्कर मारलीत की पोह्यांपासून साबुदाण्यापर्यंत काहीही अडत नाही, आपल्या आधी आलेल्यांनी ती सोय करून ठेवलीये. आठवण येणारे ती यूकेची, आणि तिची तयारी करून कोणीच येत नाही.

तिकडे असताना आपण सगळेच पावसाला, ट्रेनला, कौन्सिल टॅक्सला शिव्या घालत असतो. पण हॅरो म्हणा, स्लाव म्हणा, लेस्टर म्हणा, जिथे दहा-पंधरा वर्षं काढली, जिथे पोरं झाली, ते गाव लोणच्यासारखं मुरलेलं असतं अंगात. आणि आपली गंमत अशी की ही आठवण येते असं म्हणायचीही सोय नाही. ऑफिसात कोणी विचारलं की घरची आठवण येते का, तर ते इंडियाबद्दलच विचारत असतात. सांगलीला आईला सांगितलं की मला हॅरोची फार आठवण येतीये तर ती म्हणते, अगं तुझं घर इथे आहे ना, हॅरोचं काय घेऊन बसलीस. त्यामुळे पहिला सल्ला हा की तिकडून आलेल्या गोऱ्या लोकांमधे बिनधास्त बसा. जूनडालप, रॉकिंगहॅम, मँडुरा या बाजूला इंग्लंडमधे जन्मलेली माणसं भरपूर आहेत, शाळेच्या गेटवर ॲक्सेंट ऐकू येतोच, जाऊन बोला. तुम्ही वॉटफर्डच्या ट्रॅफिकबद्दल रडू शकता आणि समोरच्याला ते कळतं, हे सुख लहान नाही.

त्यांच्यातले म्हातारे तर या विषयातले आपले सीनियर. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश माणसांना फक्त १० पौंडात बोटीने आणलं, दहा लाखांच्या आसपास माणसं आली, अट एवढीच की दोन वर्षं राहायचं, नाहीतर भाड्याचे पैसे परत करायचे. तरी साधारण पाव लोक परत गेलेच, आणि त्यातले बरेचसे तिकडे जाऊन पुन्हा इकडे आले, त्यांना बूमरँग पॉम म्हणतात, पॉम म्हणजे इथल्या बोलीत इंग्रज माणूस. (ही स्कीम आपल्यासारख्यांसाठी नव्हतीच, गोऱ्यांनाच येऊ द्यायचं असं व्हाइट ऑस्ट्रेलियाचं धोरण होतं तेव्हा, ते पूर्ण गेलं १९७३ ला.) सांगायचा मुद्दा काय, भाषा तीच, राणी तीच, गाडी डाव्या बाजूलाच, आणि तरी माणसं टिकली नाहीत. त्यामुळे आपल्याला सहाव्या महिन्यात रडू आलं तर काही बिघडलं नाहीये.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. उन्हाळ्यातली संध्याकाळ. तुम्ही म्हणाल पर्थला उन्हाची काय कमी. उन्हाची नाही, संध्याकाळची कमी आहे! जूनमधे लंडनला सव्वानऊच्या पुढे सूर्य मावळतो आणि दहापर्यंत उजेड असतो, ऑफिसातून येऊन, जेवून, भांडी आवरून बाहेर पडलं तरी पार्कात पोरं खेळतायत, कोणाचा तरी बार्बेक्यू चालू आहे, क्लबच्या वीस ओव्हरच्या मॅचेस संध्याकाळी सहाला सुरू होऊन त्याच दिवशी संपतात. इथे वर्षातल्या मोठ्यात मोठ्या दिवशीसुद्धा साडेसातच्या आत सूर्य समुद्रात. आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत पश्चिम ऑस्ट्रेलियात नाही, लोकांना चार वेळा विचारून झालं, १९७५, १९८४, १९९२ आणि २००९, चारही वेळा लोक नाही म्हणाले. उलट डिसेंबरात सकाळी पाच-सव्वापाचला लख्ख उजाडतं. म्हणून दिवसच उलटा करून टाका, जे तिकडे रात्री नऊला करत होतात ते इथे पहाटे करायचं. साडेपाचला कॉटेस्लोच्या बीचवर जा, अर्धं गाव तिथे पोहत नाहीतर कॉफी घेऊन उभं असतं, ओळखी तिथेच होतात. माझा नवरा आठला उठणारा माणूस, आता तोच मला उठवतो. इंग्लंडमधे डिसेंबरात चारच्या आत अंधार पडायचा ते मात्र कोणाला आठवत नाही, आठवणी सोयीच्याच असतात.

दुसरी गोष्ट ऐकून सगळे हसतात, ती म्हणजे थंडी. हो, पर्थमधे थंडी. बाहेर नाही, घरात. इथली घरं डबल ब्रिकची, खाली टाइल्स, रेडिएटर नाही, खिडक्या बहुतेक सिंगल ग्लास. जुलैत रात्री बाहेर आठ डिग्री असतं आणि घरात हॉलमधे जॅकेट घालून बसावं लागतं. तिकडे बाहेर बर्फ असला तरी आत टी-शर्टवर फिरायची सवय लागलेली असते, ती सेंट्रल हीटिंगची ऊब पहिल्या हिवाळ्यात फार आठवते. भाड्याचं घर बघताना स्विमिंग पूल बघत बसू नका, रिव्हर्स सायकल एसी (गरम हवाही देतो तो) कुठल्या कुठल्या खोलीत आहे ते बघा आणि झोपायच्या खोलीत तरी तो असू दे. जाड ड्युव्हे आणि हॉट वॉटर बॅग तिकडचीच आणा, बोटीने सामान येतं त्या कंटेनरमधे टाका. केटल, टोस्टर आणले तरी चालतात, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो.

कंटेनरवरून आठवलं, क्वारंटाइन, म्हणजे बाहेरची कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामानाची होणारी तपासणी. हे लोक माती बघतात. तिकडे चिखलात घातलेले वेलिंग्टन बूट, वॉकिंग शूज, पोरांच्या सायकली, तंबूच्या खुंट्या, बागेतलं खुरपं, सगळं घासून या. म्हणजे जुना टूथब्रश घेऊन बुटाच्या तळाच्या प्रत्येक खाचेत फिरवायचा, लेस काढायच्या, जीभ वर करून आत बघायचं, गवताची एक काडी राहता कामा नये. नाहीतर ते उघडून साफ करतात आणि बिल तुम्हाला. विमानाने येताना जे कार्ड भरायचं असतं त्यावर खाण्याचं सगळं लिहा, मसाल्यापासून लोणच्यापर्यंत, लिहिलं की बहुतेक वेळा बघून सोडतात, लपवलं तर दंड. दुधाची मिठाई, पेढे वगैरे आणायच्या भानगडीत पडू नका. आणि मध तर अजिबात नको, पश्चिम ऑस्ट्रेलियात बाहेरचा मध चालत नाही, सिडनीहून आलात तरी नाही.

खाण्यापिण्याचं पटकन सांगते कारण यात रडण्यासारखं फार नाही. यॉर्कशायर टी सुपरमार्केटला मिळतो. बेक्ड बीन्सचा इंग्लिश रेसिपी लिहिलेला डबा वेगळा असतो, तो घ्या. मार्माइट (ब्रेडला लावायचं खारट यीस्टचं ते) लिहिलेली बाटली दिसली तरी ती न्यूझीलंडची, चव वेगळी, आपलं ब्रिटिश मार्माइट इथे 'अवर मेट' नावाने विकतात. कॅडबरी टास्मानियात बनते आणि ती तशी लागत नाही, कोणी तिकडून येणार असेल तर तीच मागवा. चिप्सवर व्हिनेगर मागून घ्यावं लागतं, आपणहून चिकन सॉल्ट टाकतात (नावात चिकन असलं तरी बऱ्याच ब्रँडमधे चिकन नसतं, पण शाकाहारी मंडळींनी विचारून घ्या). आणि वूलवर्थ्स बघून गहिवरू नका, आपलं पिक ॲन्ड मिक्सवालं वूलवर्थ्स २००९ च्या जानेवारीत बंद पडलं ते पडलंच, हे फक्त नावाचं, सुपरमार्केट आहे.

चालायच्या वाटांचं मात्र खरं दुःख आहे. इंग्लंड-वेल्समधे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास पब्लिक वाटा आहेत, कोणाच्या तरी शेतातून, मेंढ्यांच्या मधून, लाकडी पायऱ्या चढून कुंपण ओलांडायचं आणि शेवटी पबमधे जाऊन बसायचं, कोणी अडवत नाही. इथे शेत म्हणजे तारेचं कुंपण आणि आत जायचं नाही. चालायला गाडी काढून नॅशनल पार्कला जावं लागतं. बिबलमन ट्रॅक आहे, कलमुंडापासून ऑल्बनीपर्यंत हजार किलोमीटर, त्याचे छोटे तुकडे करा, सुंदर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात किंग्ज पार्कला रानफुलं येतात तीही बघा. पण मे महिन्यात कोणीतरी तिकडून ब्लूबेलचे फोटो टाकतं तेव्हा फोन बाजूला ठेवायचा. आणि वसंतात इथल्या मॅग्पाय पक्ष्यापासून डोकं सांभाळा, वरून येऊन टोचतो.

दिवाळीचं सांगते. यूकेत दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची बोनफायर नाइट जवळजवळ येतात, त्यामुळे सुपरमार्केटात फटाके मिळायचे, शेजारचा टेरी त्याचे उडवायचा आणि आपण आपले, कोणाचं काय चाललंय कळायचं नाही. इथे घरी फटाके उडवणं बेकायदाच, आणि एकदा रानात वणवा बघितलात की का ते कळतं. पणत्या लावा, कंदील लावा, झालं. गणपतीला पण पहिल्या वर्षी चुकल्यासारखं होतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू, तिथे आरतीला उभं राहायची सवय झालेली असते. इथेही मराठी मंडळी गणपती बसवतात, लेझीम ढोल सगळं असतं, फक्त पहिल्याच वर्षी काम मागून घ्या, खुर्च्या लावा, प्रसाद वाटा, नुसतं दर्शन घेऊन घरी आलात तर कोणी ओळखणार नाही.

माणसांचं बोलणं वेगळं, हे कोणी सांगत नाही. ब्रिटिश तिरकस बोलतो, चेहरा सरळ ठेवून स्वतःचीच टिंगल करतो, पुणेकर तिकडे लवकर रुळतो ते उगाच नाही. इथे तसं बोललात तर समोरचा काळजीने विचारतो, यू ओके? इथली चेष्टा थेट तोंडावर असते, आणि चेष्टा करतायत म्हणजे तुम्ही आवडलात असं समजायचं, गप्प असतील तर काळजी करा. क्रिकेटच्या वेळी तर सुट्टी नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात भारताने पर्थला २९५ रन्सनी टेस्ट जिंकली तेव्हा आम्ही मिरवून घेतलं, पुढच्या नोव्हेंबरात ॲशेसची टेस्ट इथेच दोन दिवसात संपली, इंग्लंड हरलं, आणि माझा मुलगा, ज्याच्या आजोबांनी त्याला जन्मापासून इंडियाची जर्सी घातली, तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. फुटबॉलवाल्यांना एक बरं आहे, शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस यूकेत टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, इथे दिसतात. फक्त तिकडच्या हिवाळ्यात त्या इथल्या रात्री अकराला असतात.

वेळेचा हिशोब नीट बसवा. इंडियाशी फक्त अडीच तासांचा फरक, आईशी कधीही बोला. यूकेशी मात्र आठ तास, तिकडच्या उन्हाळ्यात सात. म्हणजे तिकडची मैत्रीण ऑफिसातून घरी येते तेव्हा तुम्ही झोपलेल्या. शनिवार-रविवारी इथले दुपारचे चार-साडेचार म्हणजे तिकडचा सकाळचा पहिला चहा, ती वेळ दोन-तीन घरांशी ठरवूनच टाका, जेव्हा जमेल तेव्हा करू म्हणणाऱ्यांच्या मैत्र्या वर्षभरात फक्त वाढदिवसाच्या मेसेजवर आलेल्या मी बघितल्यात. आणि मदर्स डे तिकडे मार्चच्या आसपास, इथे मेमधे, कार्ड आधी घेऊन ठेवा.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. यूकेचा बँक अकाउंट आणि मोबाइल नंबर घाईने बंद करू नका, बँकेचे कोड त्याच नंबरवर येतात. एनएचएसच्या, म्हणजे यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सवयीने ॲम्ब्युलन्स फुकट समजू नका, इथे हजार डॉलरच्या वर बिल येऊ शकतं आणि मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्ययोजना) ते देत नाही, इन्शुरन्समधे ॲम्ब्युलन्स कव्हर आहे ना ते आधी बघा. यूकेचं स्टेट पेन्शन किमान १० वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरलं असेल तरच मिळतं, आणि ऑस्ट्रेलियात राहिलात तर ज्या रकमेवर सुरू होतं तिथेच गोठतं, दरवर्षी वाढत नाही, म्हातारपणी इंडियात जाऊन राहिलात तरी तेच. हिशोब आत्ताच मांडा. ब्रिटिश नागरिक असाल तर तिकडच्या निवडणुकीत मत मात्र देता येतं, बाहेर राहून १५ वर्षं झाली की मत जायचं ती मर्यादा २०२४ ला काढून टाकली. इथलं नागरिकत्व घेतलंत तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) नव्याने करावं लागतं का तेही विचारून घ्या.

आणि पहिली ट्रिप कधी करायची हे सगळे विचारतात. पहिल्या वर्षात नको, परत यायलाच नको वाटतं. डिसेंबरातही नको, तिकिटं महाग आणि तिकडे अंधार. पर्थ-लंडन थेट विमान २०१८ पासून आहे, सतरा तास, पोरं लहान असतील तर सिंगापूरला थांबून गेलेलं बरं. इथल्या शाळांना जुलैच्या सुरुवातीला दोन आठवडे सुट्टी असते, ती धरा, तेव्हा तिकडे अजून दहापर्यंत उजेड असतो. तिकिटं फेब्रुवारीतच बघून ठेवा.