गिअरची गणितं फॉर्म्युला पाठ न करता कशी सोडवायची

दहावीची पोरं सारखी विचारायलेत की सर गिअरमध्ये भाग कुठं द्यायचा न् गुणायचं कुठं. फॉर्म्युला राहू द्या बाजूला, आधी दोन चाकांचे दाते जिथं भिडतात तिथं बघा. एक दाता सरकला की समोरचाबी एकच सरकणार, कारण मधून निसटायला जागाच नाही. म्हणून मिनिटाला जितके दाते इकडून जातात तितकेच तिकडून गेले पाहिजेत, बास, वेगाचं सगळं गणित एवढ्यावरच चालतं.

समजा लहान गिअरला १२ दाते आहेत न् तो ३०० आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे, फिरायलाय. मिनिटाला दाते गेले १२ × ३०० म्हणजे ३६००. मोठ्याला ३६ दाते असतील तर ३६०० भागिले ३६, आले १०० आरपीएम. मोठा हळू फिरतो, आणि उलट्या दिशेनं.

आता टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. दाते भिडतात तिथलं बल दोघांवर सारखंच, पण मोठ्याची त्रिज्या तिप्पट, आणि टॉर्क म्हणजे बल गुणिले त्रिज्या, त्यामुळं लहानावर ५ न्यूटन-मीटर असेल तर मोठ्यावर १५. ताळा असा करा, वेग गुणिले टॉर्क, पॉवर ह्याच्याच प्रमाणात असते: ३०० × ५ = १५०० आणि १०० × १५ पण १५००. पॉवर फुकटात वाढत नसते, वेग दिला तर ताकद मिळते (खरं तर घर्षणात थोडी जातेच, पण पेपरात तसं दिलं नसेल तर सोडून द्या).

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रसवंतीवर जा. मोटर साधारण १४४० आरपीएमनं पळते आणि उसाचे रोलर किती निवांत फिरतात बघा, मधे पट्टा न् गिअर वेग पाडत आणतात म्हणून तर ऊस चिपाड होऊन बाहेर येतो. दाते मोजायचे तर मशीन बंद असतानाच, बोटं घालू नका! पावसानंतर काळ्या रानात नांगर ओढताना ट्रॅक्टर खालच्या गिअरात टाकतात तेबी ह्याच्याचसाठी.

परीक्षेत जास्त मार्क जातात ते मधल्या गिअरमुळं. १२ आणि ३६ च्या मधे २० दात्यांचा एक घातला तर पोरं लगेच त्याच्यानं गुणायला लागतात. करून बघा, मधला १८० नं फिरेल पण शेवटचा १०० च राहतो, फक्त त्याची दिशा पहिल्या गिअरसारखी होते. पण त्या ३६ वाल्याच्याच दांड्यावर १० दात्यांचा दुसरा गिअर बसवून तो ४० वाल्याला भिडवला तर मात्र गोष्ट वेगळी, दोघं एका दांड्यावर म्हणून दोघांचा वेग १००, मग पुढचा २५ आरपीएम आणि टॉर्क १५ × ४ म्हणजे ६०.

सायकलला चेन असते म्हणून दिशा उलटत नाही, बाकी हिशोब तोच. पुढं ४४ न् मागं १८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच फेरे मारतं. इथं वेग वाढतो आणि टॉर्क कमी होतो, चढावर दम लागतो तो त्याच्यामुळंच.