बॉक्स बीमचं क्रश विश्लेषण: लायसन्स मागण्याआधी काय करायचं

पोकळ चौकोनी नळी (बॉक्स बीम) लांबीच्या दिशेने दाबली तर कशी चुरगळते, हे संगणकावर बघायचं म्हणजे क्रश विश्लेषण. त्याच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी एचओडींच्या केबिनबाहेर उभं राहण्याआधी कागदावर एक हिशेब करा. ६० मिमी बाजूची, १.५ मिमी जाडीची, ३०० मिमी लांब चौकोनी नळी घ्या. ३ मिमीचा शेल मेश लावला, म्हणजे पत्र्याचे ३ मिमीचे चौकोनी तुकडे (एलिमेंट) पाडले, तर परिघावर ८० आणि लांबीवर १००, म्हणजे ८,००० एलिमेंट. मोफत मिळणारं अॅन्सिस स्टुडंट स्ट्रक्चरल कामाला १,२८,००० नोड (एलिमेंटच्या कोपऱ्यांचे बिंदू) किंवा एलिमेंटपर्यंत चालतं, क्रशसाठी वापरल्या जाणाऱ्या एलएस-डायनाच्या स्टुडंट आवृत्तीलाही हीच मर्यादा आहे. एका बीमचा प्रोजेक्ट त्यात आरामात बसतो. अबॅकस या तशाच सॉफ्टवेअरची मोफत लर्निंग एडिशन फारच कमी नोडवर थांबते, क्रशसाठी ती पुरत नाही.

मेश ३ मिमीच का? अशा नळीला पडणाऱ्या घडीची अर्धी लांबी साधारण १७ मिमी येते आणि तेवढ्यात पाच-सहा एलिमेंट हवेत. १० मिमीच्या मेशला घडी नीट पडतच नाही, मग नळी आहे त्यापेक्षा कडक दिसते.

उत्तर ताडायला हातचं सूत्र ठेवा: सरासरी बल = १३.०६ × फ्लो स्ट्रेस (पोलाद कायमचं वाकत असतानाचा सरासरी ताण) × बाजूचं घनमूळ × जाडीचा ५/३ घात. ३०० एमपीएला आपल्या नळीचं बल सुमारे ३० किलोन्यूटन येतं. सॉफ्टवेअरने दहापट दाखवलं तर आधी युनिट बघा. टन-मिमी-सेकंद पद्धतीत पोलादाची घनता ७.८५ × १०⁻⁹ आणि ई (लवचिकतेचा गुणांक) २,१०,००० लिहायचा. सवयीने ७८५० टाकलं की सगळं बिघडतं. नळी स्वतःतूनच आरपार जात असेल तर सेल्फ-कॉन्टॅक्ट (नळीच्या भिंती एकमेकींना अडतात ही सूचना) द्यायचा राहिलाय. अगदी निर्दोष नळीत बलाचं पहिलं शिखर अवाजवी चढतं आणि घडी कुठेही सुरू होते, म्हणून एका टोकाजवळ लहानसा खळगा, म्हणजे ट्रिगर, द्या. अवरग्लास ऊर्जा (एलिमेंट खोटे वेडेवाकडे होण्यात गेलेली) अंतर्गत ऊर्जेच्या १० टक्क्यांवर गेली तर तो निकाल रिपोर्टात घालू नका.

पत्रा पातळ करायचा विचार असेल तर बकलिंग (दाबाखाली भिंत लाटेसारखी वाकणं) आधी तपासा. १.५ मिमीला भिंतीचा क्रिटिकल ताण (ज्याला बकलिंग सुरू होतं) ४७४ एमपीए येतो, १ मिमीला २११. म्हणजे ३०० एमपीए यील्डच्या (या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) पोलादात पातळ भिंत यील्डच्या आधीच लाटेसारखी वाकते. यासाठी सीयूएफएसएम हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

कॉलेजची सीट (एका वेळी एकालाच वापरता येणारं लायसन्स) लागते ती स्पॉट वेल्डसकट मोठी जोडणी घेतल्यावर. लॅबमधून लायसन्स सर्व्हरचं नाव आणि पोर्ट लिहून घ्या. अॅन्सिसला बहुधा १०५५ असतो. खानापूरहून किंवा निपाणीहून घरी बसून चालवायचं तर व्हीपीएन (कॉलेजच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणी) लागतो, त्याची मागणी सबमिशनच्या आठवड्यात करून भागत नाही. प्रोग्राम उघडा ठेवून चहाला गेलात तरी सीट अडकलेली राहते. वीज जाते, म्हणून रीस्टार्ट फाइल (थांबलं तिथून पुढे चालवण्यासाठी) ठरावीक अंतराने लिहायला लावा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने पैसे देऊन काम दिलं असेल, तर स्टुडंट आवृत्ती किंवा कॉलेजचं शैक्षणिक लायसन्स त्यासाठी वापरायचं नाही. करारात ते बसत नाही. क्रॅक केलेली प्रत तर नकोच. २०२२ मध्ये आल्टेअर कंपनीने खुलं केलेलं ओपनरेडिऑस हे क्रशचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात नोडची मर्यादा नाही आणि निकाल कारखान्याला उघडपणे देता येतो.