अडखळणारे खिशातले पिस्तूल : घरी काय पाहावे, कारागिराकडे काय न्यावे

आमच्या घरी वडिलांच्या पश्चात जमिनीच्या फेरफाराबरोबर .३२ बोअरचे एक जुने, तळहातात मावणारे पिस्तूलही आले. ते आधी रीतसर जमा केले, वारस म्हणून अर्ज केला आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून माझ्या नावाचा परवाना मिळाल्यावरच घरी आणले. पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेले तेव्हा मात्र सात काडतुसांत ते तीनदा अडकले. पुढची माहिती अशा हत्याराच्या परवानाधारकासाठी आहे. परवाना नसलेल्याने असे हत्यार दुरुस्त करणे दूरच, घरात ठेवणेही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

हात लावण्याआधी पिस्तूल रिकामे करावे आणि त्याचा क्रम चुकवू नये. नळी भक्कम, निर्धोक दिशेला धरावी, बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे, आधी मॅगझिन (मुठीत बसणारा काडतुसांचा कप्पा) काढावे आणि मगच स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहावे व करंगळीने चाचपावे. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढले, तर मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि मालक मात्र पिस्तूल रिकामे झाल्याच्या समजुतीत राहतो. साफसफाईच्या खोलीत काडतुसांची डबी असूच नये.

या छोट्या पिस्तुलांची रचना बहुधा साधी असते. नळी पक्की बसवलेली असते आणि गोळी सुटल्यावर मागे येणाऱ्या स्लाइडला केवळ तिचे स्वतःचे वजन आणि एक स्प्रिंग आवरते. म्हणूनच थोडा कचरा, थोडी थकलेली स्प्रिंग किंवा थोडे कमी जोराचे काडतूस एवढ्यानेही सगळे गणित बिघडते. मनगट सैल धरले तरी स्लाइड पुरती मागे येत नाही आणि रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे आवरण) स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते. पिस्तुलाला दोष देण्याआधी पकड घट्ट करून पाहावी.

माझ्या अनुभवात दोषाचे पहिले ठिकाण मॅगझिन हे असते. दोन मॅगझिन असल्यास त्यांच्या बुडाशी १ आणि २ असे आकडे घालावेत आणि कोणत्या आकड्यावर अडकते ते वहीत टिपावे. दोष एकाच आकड्याच्या मागे फिरत असेल, तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारणच उरत नाही. मॅगझिनच्या वरच्या दोन पत्र्याच्या ओठांपैकी एखादा वाकलेला आहे का, आतली पट्टी बोटाने दाबल्यावर सरळ आणि जोमाने वर येते का, हे पाहावे. ओठ पकडीने सरळ करण्याचा मोह आवरावा, कारण ते एकदा जास्त उघडले की पूर्ववत होत नाहीत.

.३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसाची एक खोड वेगळी सांगितली पाहिजे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले हे काडतूस १८९९ च्या सुमाराचे आहे आणि त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसल्याची खात्री करावी. टोक पोकळ असलेल्या आखूड गोळ्यांना मॅगझिनमध्ये मागे-पुढे हलायला जागा मिळते, त्यामुळे त्यांत हा प्रकार अधिक होतो. दुकानात नुसते ‘.३२’ म्हटल्यास रिव्हॉल्व्हरचे काडतूसही समोर येऊ शकते, तेव्हा डबीवरचे पूर्ण नाव वाचावे.

आता तेलाविषयी. आमचे पिस्तूल खोलले तेव्हा काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात मधासारखा पिवळा, चिकट थर सापडला, आणि वडिलांची जुनी सवय आठवली: दर दसऱ्याला शस्त्रपूजनाआधी ते पिस्तुलाला करडईच्या तेलाचा हात द्यायचे. करडईचे तेल हवेत सुकून रोगणासारखे घट्ट होते, पिन त्यात रुतते आणि काडतुसाच्या बुडावर जेमतेम टिचकी बसते. खोबरेल तेल थंडीत गोठते, म्हणून तेही नको. शिलाई मशीनचे हलके तेल, तेही स्लाइडच्या खाचांत एकेक थेंब, पुरेसे होते. जास्त तेलात काळ्या रानातली धूळ बसून लेप तयार होतो आणि ते काडतुसापर्यंत झिरपले तर काडतूसच निकामी होते. खिशातली कापसाची बोंडुकली आणि उन्हाळ्यातला घाम यांमुळे न झाडलेले पिस्तूलही घाण होते, म्हणून महिन्यातून एकदा ते पुसावे. निवडणुकीच्या काळात जमा केलेले हत्यार परत मिळाल्यावर तर आधी गंज पाहावा.

साफसफाईनंतर पुंगळी ओढणारा आकडा लाकडी काडीने टोकरावा आणि डमी राऊंड (दारू नसलेली नकली काडतुसे) घालून हाताने स्लाइड ओढत प्रत्येक राऊंड आत जातो व बाहेर फेकला जातो का ते तपासावे. स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंद व्हायला कुचराई करत असेल, तर स्लाइडला पुढे ढकलणारी स्प्रिंग थकली आहे असे समजावे. नवी स्प्रिंग शेजारी ठेवली की जुनी किती आखूड झाली आहे ते लगेच दिसते.

घरचे काम इथे थांबते. कानस घेऊन ट्रिगर ‘हलका’ करणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या शेजारी उभे राहण्याची माझी तयारी नाही. पिन, पुंगळी ओढणारा आकडा किंवा ट्रिगरच्या भागांचे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेच द्यावे. गावातल्या लेथवाल्याकडे नेले, तर तोही आपल्याबरोबर अडचणीत येतो. सोबत मूळ परवाना न्यावा, पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि नांदेड-लातूरकडून हैदराबादला नेण्याचा विचार असेल तर परवान्यावरचे क्षेत्र आधी वाचावे. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या, तर त्याच क्षणी वापर बंद करावा.

दुरुस्तीनंतरची चाचणी अधिकृत रेंजवरच घ्यावी. शेतातली ‘चाचणी’ कोणाच्या जिवाला धोका करणारी ठरली, तर शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रेंजवर ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिराही पेटू शकते. बार फुसका वाटला तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

आमच्या पिस्तुलाला नवी स्प्रिंग आणि एक नवे मॅगझिन लागले. त्यानंतर पन्नास काडतुसांत ते एकदाच अडकले, आणि तेही आकडा १ असलेल्या जुन्या मॅगझिनवर. ते मॅगझिन आता वेगळ्या डबीत आहे आणि चेंबर अजूनही रिकामेच ठेवतो, कारण इतक्या जुन्या रचनेत पडल्यावर पिन रोखणारी सोय नाही.