क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लायसन्स: एम.ए. झालं, आता पुढे काय काय करायचं

दरवर्षी रिझल्ट लागले की कुणाच्या तरी भाचीचा नाहीतर पुतण्याचा मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई एम.ए. सायकॉलॉजी झालं, आता लायसन्सची परीक्षा कधी असते, फॉर्म कुठे भरायचा. तर पहिली गोष्ट हीच की आपल्याकडे अशी वेगळी परीक्षाच नाहीये. वकिलांना डिग्रीनंतर बारची एक्झाम द्यावी लागते तसं काही सायकॉलॉजिस्टसाठी नाही. भारतात लायसन्स कोर्सच्या पोटातच असतं, म्हणजे तुम्ही मान्यता असलेल्या ठिकाणी, मान्यता असलेला कोर्स, पूर्ण वेळ, पेशंट बघत केलात आणि त्याची परीक्षा पास झालात की रजिस्ट्रेशन मिळतं. सीट चुकली की नंतर कितीही अभ्यास करा, काही उपयोग नाही. म्हणून या लेखात मी परीक्षेपेक्षा सीटबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय व्हायचंय

सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे एम.डी. वगैरे केलेला डॉक्टर, तो औषधं लिहितो. आपण औषधं लिहीत नाही, कितीही सिनियर झालो तरी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आजाराचं असेसमेंट करतो, टेस्ट घेतो, थेरपी करतो, आणि हे नाव लावायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं. १९९२ च्या आरसीआय कायद्यात स्पष्ट लिहिलंय, रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपयांत आता चार जणांचं बाहेर जेवण होत नाही हे खरं, पण कैद ती कैदच. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिलीय आणि ती पण आरसीआयलाच जोडलेली आहे.

रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट हा आरसीआयचाच दुसरा प्रकार, त्याला एम.ए. नंतर एक वर्षाचा पीजी डिप्लोमा असतो, स्पेशल मुलांच्या शाळा आणि पुनर्वसन केंद्रांमध्ये काम करायचं असेल तर हा रस्ता चांगला आहे, उगाच कमी समजू नका.

राहिले काउन्सेलर, म्हणजे शाळेतले, कंपनीतले, करिअरवाले. यांच्यासाठी इतकी वर्षं कायद्याचं काहीच नव्हतं. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा नवीन कायदा आला, त्यात क्लिनिकल सोडून बाकी सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर यांना घेतलंय. म्हणजे तिकडेही हळूहळू रजिस्टर येणार, तेव्हा आत्ता जे शिकताय त्याचे सगळे कागद नीट ठेवा.

बी.ए., एम.ए.: इथे मार्क सांभाळा

बारावीला आर्ट्स होतं का सायन्स याने फार फरक पडत नाही. पुढच्या क्लिनिकल ट्रेनिंगसाठी बहुतेक ठिकाणी एम.ए. किंवा एम.एस्सी. सायकॉलॉजीला ५५ टक्के मागतात, राखीव वर्गाला ५० टक्के. ५४.६ वाल्यांचे रडवेले फोन मला आलेत, तिथे कुणी काही करू शकत नाही.

नोकरी करत, घर सांभाळत लांबून एम.ए. करणारे आपल्याकडे भरपूर होते, विशेषतः लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेल्या बायका. तो रस्ता आता बंद झालाय. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली. तेव्हा ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ अशी कुणाची जाहिरात दिसली तर पैसे भरायच्या आधी यूजीसीची साइट उघडा.

सीट: सगळा खेळ इथे आहे

इतकी वर्षं रस्ता सरळ होता, एम.ए. करा, मग दोन वर्षांचं पूर्ण वेळ एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी करा, मग रजिस्ट्रेशन. नंतर नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि एम.फिल. ही डिग्रीच बंद करायचं ठरलं, २०२२ मध्ये यूजीसीने नियम काढला, मग लोकांनी ओरड केली की बाबांनो हे एम.फिल. नुसतं रिसर्चचं नाहीये, यातूनच तर देशाला सायकॉलॉजिस्ट मिळतात, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली. आणि इकडे आरसीआयने एम.फिल.ची जागा घ्यायला स्वतःचे नवीन कोर्स आणले, त्यात दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आहे, डॉक्टरेट पातळीचं साय.डी. आहे.

आता गोम कुठे आहे बघा. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी या नावाच्या डिग्र्या आधीपासून कितीतरी युनिव्हर्सिट्या देतायत आणि त्यांचा आरसीआयशी काडीचा संबंध नाही, ते साधं एम.ए.च, फक्त स्पेशलायझेशन क्लिनिकल. आणि आता त्याच नावाचं आरसीआय मान्यतेचं एम.ए. पण आलंय. मार्कशीटवर दोन्ही सारखीच दिसतात पण एकाने रजिस्ट्रेशन मिळतं आणि दुसऱ्याने नाही.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘आरसीआयच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम’ असं ठळक अक्षरात छापलेलं, तिने काही लाख फी भरली, दोन वर्षं केली आणि रजिस्ट्रेशनच्या वेळी कळलं की अभ्यासक्रम नियमांप्रमाणे असेल हो, पण मान्यताच नव्हती. नियमांप्रमाणे आणि मान्यताप्राप्त यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिच्या वडिलांनी तर पीएफमधून पैसे काढले होते.

म्हणून फी भरायच्या आधी एवढं कराच. आरसीआयच्या साइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात कॉलेजचं नाव शोधा, पण नाव दिसलं की लगेच खूश होऊ नका, कोर्स कुठला, कितव्या वर्षापर्यंत मान्यता, सीट किती, हे तिन्ही बघा. मान्यता संस्थेला कायमची नसते, कोर्सला आणि ठराविक वर्षांसाठी असते. तुमची बॅच त्या वर्षांत बसली पाहिजे. मग कॉलेजला ईमेल करा, फोन नको, ईमेलच, आणि सरळ विचारा की या कोर्सनंतर आरसीआयमध्ये कुठल्या कॅटेगरीत रजिस्ट्रेशन होईल. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. त्या मान्यतापत्राची प्रत पण मागा, ज्यांच्याकडे असते ते लगेच पाठवतात.

एन्ट्रन्स

सीट फार कमी असतात, एका संस्थेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यापासून वीस-पंचवीसपर्यंत, आणि अर्ज करणारे ढिगाने. प्रत्येक संस्थेची एन्ट्रन्स वेगळी. बेंगळुरूचं निमहान्स आणि रांचीचं सीआयपी, म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री, ही सगळ्यात जुनी आणि मानाची ठिकाणं, आपल्या राज्यात पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ माहीत असू द्या. सरकारी ठिकाणी फी कमी आणि काही ठिकाणी स्टायपेंड पण मिळतो, म्हणून गर्दी तिथेच जास्त.

लेखी पेपर एम.ए. च्या सिलॅबसवरच असतो, सायकोपॅथॉलॉजी म्हणजे मानसिक आजारांचा अभ्यास, स्टॅटिस्टिक्स, टेस्टिंग, थिअरीज. स्टॅटिस्टिक्स ऑप्शनला टाकून इथपर्यंत आलेले इथेच गळतात. नंतर इंटरव्ह्यू. त्यात ‘मला लोकांची मदत करायचीय’ हे वाक्य समोरच्यांनी त्या दिवशी सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा एम.ए. ला जी एखादी केस केली असेल ती नीट सांगता आली पाहिजे, काय विचारलं, काय सुटलं, काय कळलं नाही.

ती दोन वर्षं

हॉस्पिटलच्या ओपीडीत बसायचं, रोज. नवीन पेशंट आला की वर्कअप करायचं, म्हणजे केस हिस्टरी, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, ते लिहून सुपरवायझरला दाखवायचं, सुपरवायझर लाल पेनाने अर्धं खोडणार, पुन्हा जायचं पेशंटच्या नातेवाइकांकडे, पुन्हा विचारायचं. अटेंडन्स ८० टक्के लागतो आणि तो खरोखर मोजतात.

पुस्तकं इंग्रजीत आणि पेशंट मराठीत, ही पहिली अडचण. पहिल्या महिन्यात मी एका आजोबांना विचारलं, कानात आवाज येतात का, ते म्हणाले येतात की, समोर देवळाचा भोंगा आहे ना. बरोबरच आहे त्यांचं, प्रश्नच चुकीचा. ‘मूड कसा आहे’ याला कुणी उत्तर देत नाही, ‘जीव कशात लागतो का’ म्हटलं की बाई बोलायला लागते. अंगात येणं, करणी, डोस्कं भणाणणं, छातीत धडधड, यातलं आजार कुठलं आणि गावाची रीत कुठली हे कुठल्याच पुस्तकात नाही, ते सिनियरच्या शेजारी बसूनच कळतं.

टेस्टिंगचंही तसंच. लहान मुलांच्या बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे बिने-कामत टेस्ट अजून वापरतात, कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली, आणि मालिनची टेस्ट वापरतात, नागपूरला काम केलेल्या डॉ. मालिन यांनी ती वेक्सलरच्या टेस्टवरून भारतीय मुलांसाठी तयार केली. मी एकदा सात वर्षांच्या एका मुलाची टेस्ट घेतली, स्टॉपवॉच मांडीवर लपवून, सूचना शब्दशः, सगळं मॅन्युअलप्रमाणे. स्कोअर फार कमी आला. रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेले, त्यांनी आकडा बघितलाच नाही, विचारलं, या पोराने सकाळपासून काय खाल्लंय? मला माहीत नव्हतं. बाहेर जाऊन आईला विचारलं तर ते पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालेले आणि पोराच्या पोटात एक कप चहा. मॅडमनी तो रिपोर्ट माझ्यासमोर फाडला, दुसऱ्या प्रकारची टेस्ट दुसऱ्या दिवशी पोटभर नाश्त्यानंतर घ्यायला लावली, आणि स्कोअर चांगला वर आला. त्या आकड्यावर त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, शाळा, सगळं ठरणार होतं. कोर्स ऑनलाइन का चालत नाही असं कुणी विचारलं की मी ही गोष्ट सांगते.

परीक्षा

एम.फिल.च्या पद्धतीत दोन पार्ट असतात, पहिल्या वर्षाअखेर एक आणि दुसऱ्या वर्षाअखेर एक. पार्ट वनला मानसिक-सामाजिक पाया आणि सायकोपॅथॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च, सायकियाट्री असे पेपर आणि असेसमेंटचं प्रॅक्टिकल. पार्ट टूला मेंदू आणि शरीराचा भाग, सायकोथेरपी, बिहेवियरल मेडिसिन, थेरपीचं प्रॅक्टिकल, शिवाय प्रबंध. पहिल्या वर्षी पाच पूर्ण सायकोडायग्नोस्टिक, म्हणजे टेस्ट घेऊन केलेल्या निदानाचे, रिपोर्ट सबमिट करायचे, दुसऱ्या वर्षी पाच थेरपीचे. पासिंग ५० टक्के. नवीन कोर्सचे पेपर वेगळे आहेत पण पेशंट, रिपोर्ट आणि व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, यातून सुटका तिथेही नाही.

थिअरीत सहसा कुणी नापास होत नाही, धाकधूक व्हायवाची असते. बाहेरचे परीक्षक तुमच्याच रिपोर्टमधली एक ओळ काढून विचारतात, हे कशावरून लिहिलं. म्हणून रिपोर्ट शेवटच्या महिन्यात जमवू नका, थेरपीच्या केस तर नाहीच, कारण पेशंट चार सेशननंतर यायचा बंद होतो आणि तुम्ही पाच पूर्ण केस शोधत फिरता. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आठ-दहा केस हातात घ्या, त्यातल्या पाच टिकतील.

रजिस्ट्रेशन

पास झाल्यावर आरसीआयच्या पोर्टलवर अर्ज, मार्कशीट, सर्टिफिकेट, फोटो, फी, सगळं ऑनलाइन. मग सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये नाव आणि नंबर मिळतो, त्याला सगळे सीआरआर नंबर म्हणतात. तो रिपोर्टवर सहीखाली लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, रिन्यू करायला सीआरईचे पॉइंट लागतात, म्हणजे मान्यता असलेल्या वर्कशॉप आणि सेमिनारला बसायचं. पाचव्या वर्षी धावपळ करणारे मी दरवर्षी बघते. मानसिक आरोग्य कायद्याखाली राज्याच्या प्राधिकरणाकडेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी असते, बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका.

बाहेर जायचा विचार असेल तर हे लायसन्स तिकडे तसंच्या तसं चालत नाही. अमेरिकेत राज्यागणिक बोर्ड आहे, बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागते, सुपरव्हिजनचे तास लागतात, आणि वर ईपीपीपी नावाची खरीखुरी लायसन्सची परीक्षा असते, २२५ प्रश्न, बहुतेक ठिकाणी पास व्हायला ५०० स्केल्ड स्कोअर, म्हणजे बरोबर उत्तरांची संख्या नव्हे, त्यावरून ठराविक मोजपट्टीवर काढलेला स्कोअर. न्यू जर्सीतल्या मावशीच्या भरवशावर इथलं ट्रेनिंग अर्धवट सोडू नका, आधी त्या राज्याच्या बोर्डाचे नियम वाचा.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. दहावीपासूनच्या सगळ्या कागदांवर नाव अक्षरन् अक्षर एकच असू द्या. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. माझ्या बॅचमधल्या एकीचं कोर्स चालू असताना लग्न झालं, पहिल्या वर्षाची मार्कशीट माहेरच्या नावाची आणि दुसरी सासरच्या. तिला गॅझेट करावं लागलं, प्रतिज्ञापत्र करावं लागलं, आणि आमच्या हातात नंबर आल्यावर चार महिने ती दुसऱ्याच्या सहीखाली रिपोर्ट लिहीत बसली होती.